एक्सएमएल फायलींवर चालणारं साधं सीएमएस, डेटाबेस न घेता : गावच्या वाचनालयासाठी जमेल का?

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यात आमचं एक छोटं वाचनालय आहे, त्याची वेबसाईट आणि तिचं सीएमएस (सायटीवरचा मजकूर लिहायचं-बदलायचं सॉफ्टवेअर) करायचं काम माझ्याकडे आलंय. नुसत्या सूचना आणि कार्यक्रम असते तर एखादं तयार सॉफ्टवेअर टाकून मोकळी झाले असते. पण आमच्याकडे एक वेगळी गोष्ट आहे. चवथीला गणपतीच्या वर जी माटोळी बांधतात (गोव्याबाहेरच्यांसाठी : लाकडी चौकटीला रानातली फळं, फुलं, वेली, सुपारी, नारळ असं बांधून गणपतीच्या डोक्यावर टांगतात) तिच्यात बांधायच्या वनस्पतींच्या नोंदी वाचनालयाच्या लोकांनी वहीत लिहून ठेवल्या आहेत. कुठली वेल, तिला कोण काय म्हणतं, कुठल्या वाड्यावर मिळते, कोणी सांगितलं, सगळं. तेच सायटीवर यायला पाहिजे.

होस्टिंग साधं शेअर्ड, पीएचपी चालतं. लिहिणारे दोन-तीन जणच, वाचणारे किती माहीत नाही पण चवथीच्या आठवड्यात नक्की वाढणार. माझ्या मनात आहे की डेटाबेस न घेता सगळं एक्सएमएल फायलींत (मजकुराच्या तुकड्यांना नावाच्या खुणा, म्हणजे टॅग, लावलेल्या साध्या फायली) ठेवावं, कारण उद्या मी इथे नसले तरी वाचनालयातल्या कोणालाही फाईल नोटपॅडमध्ये उघडून वाचता आली पाहिजे. पीएचपी मला येतं, एक्सएमएल नुसतं आरएसएसपुरतं माहीत आहे.

विचारायचंय ते असं : एकच मोठी फाईल करू की प्रत्येक नोंदीला वेगळी? दोघांनी एकदम सेव्ह केलं तर काय होतं? टॅगची नावं मराठीत ठेवली तर चालतात का? आणि हा विचारच मुळात वेडा असेल तर तेही सरळ सांगा.

मांडवीपार

वेडा अजिबात नाही. गेटसिंपल नावाचं पीएचपीतलं सीएमएस पहिल्यापासून एक्सएमएल फायलींवरच चालत आलंय, डॉटनेटमधलं ब्लॉगइंजिनसुद्धा मुळात एक्सएमएलमध्ये लेख ठेवतं, त्यामुळे वाट मळलेली आहे. जमलं तर गेटसिंपलचा कोड एकदा चाळा, आख्खं वापरायचं नसलं तरी फोल्डरची रचना कशी केलीय ते बघण्यासारखं आहे.

तुमच्या प्रश्नांचं बघू.

एकच मोठी फाईल करू नका. सुरुवातीला ती सोपी वाटते पण प्रत्येक बारीक दुरुस्तीला आख्खी फाईल मेमरीत घेऊन आख्खी परत लिहावी लागते, आणि त्यात एका ठिकाणी एक टॅग बंद करायचा राहिला की पार्सर (फाईल वाचून टॅग समजून घेणारा कोड) तिथेच थांबतो आणि सगळी सायट बंद. एक्सएमएलचा नियमच तसा कडक आहे, एचटीएमएलसारखं चालवून घेणं त्यात नाही. वेगळ्या फायली असल्या की बिघडलं तर एक पान बिघडतं, बाकीची चालू राहतात. फोल्डर असे करा : नोंदी, सूचना, कार्यक्रम, आणि लॉगिनवाल्यांची माहिती वेगळी. हे सगळे फोल्डर वेबच्या फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर ठेवा म्हणजे ब्राउझरमध्ये पत्ता टाकून कोणाला ते उघडताच येणार नाहीत. हे करायला काही खर्च नाही आणि नंतरचं डोकं खाणं वाचतं.

टॅग मराठीत बिनधास्त ठेवा. एक्सएमएल १.० हे डब्ल्यूथ्रीसीने १९९८ च्या फेब्रुवारीत काढलं तेव्हापासूनच टॅगच्या नावात युनिकोडची अक्षरं चालतात, देवनागरीसकट. दोनच पथ्यं, नावात मोकळी जागा नको आणि नावाची सुरुवात आकड्याने नको. आणि वरची ती एक्सएमएल घोषणेची ओळ १.० मध्ये सक्तीची नाही, ती नसेल तर पार्सर फाईल यूटीएफ-८ धरून चालतो. म्हणजे तुमची फाईल पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मराठीत असू शकते :

<वनस्पती क्रमांक="१४" आवृत्ती="३">
  <शास्त्रीय>ग्लोरिओसा सुपर्बा</शास्त्रीय>
  <नाव भाषा="मराठी">कळलावी</नाव>
  <नाव भाषा="मराठी">वाघनखी</नाव>
  <नाव भाषा="संस्कृत">अग्निशिखा</नाव>
  <वर्णन>
    <परि>पावसाळ्यात चढणारी वेल. पानाच्या टोकाला बाक असतो, त्याने आधार धरते. <सावध>कंद विषारी आहे.</सावध></परि>
  </वर्णन>
</वनस्पती>

पीएचपीत सुद्धा व्हेरिएबलचं आणि प्रॉपर्टीचं नाव देवनागरीत चालतं, त्यामुळे सिंपलएक्सएमएलने (पीएचपीतली एक्सएमएल वाचायची सोय) फाईल उघडली की डॉलर-वनस्पती, बाण, शास्त्रीय असं सरळ लिहून मजकूर मिळतो. मला स्वतःला हे फार आवडतं, उद्या वाचनालयातल्या माणसाने फाईल उघडली तर त्याला विचारायला कोणाकडे जावं लागणार नाही.

तिसवाडीकर

मी थोडा वेगळं सांगणार आहे, राग मानू नका.

एसक्यूलाईट बघितलंत का? तेही डेटाबेस सर्व्हर नाहीच, एकच फाईल असते, पीएचपीत जवळजवळ सगळीकडे आधीच असतं, फुकट आहे, पब्लिक डोमेनमध्ये आहे. लॉकिंग (एका वेळी एकालाच लिहू देणं) ते स्वतः सांभाळतं, शोध सांभाळतं, अर्धवट लिहिलं गेलं आणि वीज गेली तरी पुढच्या वेळी उघडताना आपोआप मागच्या चांगल्या स्थितीला येतं. एक्सएमएल फायलींच्या मागे लागलात की हे सगळं तुम्हाला हाताने लिहावं लागणार, आणि हाताने लिहिलेलं लॉकिंग बहुतेक ठिकाणी चुकीचं लिहिलेलं असतं हे मी आत्तापर्यंत जे जे छोटे प्रोजेक्ट दुरुस्त केले त्यात बघितलंय. डेटा जाणं हे सायट हळू चालण्यापेक्षा वाईट. वहीतल्या नोंदी ज्यांनी सांगितल्या त्यातली काही माणसं आता वयस्कर असतील, परत विचारायला मिळणार नाहीत, म्हणून जास्त काळजीने सांगतोय.

वाळवंटीकाठ

तिसवाडीकरबाब, राग कसला, हेच ऐकायला धागा काढला. एसक्यूलाईटचा विचार मी केला होता पण अडलं ते रचनेवर. एका वेलीला आमच्याकडे एक नाव, सत्तरीत दुसरं, पेडण्यात तिसरं, त्यातलं एखादं नाव दुसऱ्याच झाडाला कुठेतरी वापरतात, काही नावांबरोबर सांगणाऱ्याने एक वाक्य जोडलेलं असतं आणि त्या वाक्याच्या मधेच दुसऱ्या वनस्पतीचं नाव असतं, तिथे लिंक पाहिजे. टेबलं करायला बसले तर वनस्पती, नावं, गावं, सांगणारे, कोणी कुठलं नाव सांगितलं त्याचं टेबल, असं वाढतच गेलं. आणि वाक्याच्या मधल्या लिंकचं काय करायचं ते कळेचना.

रानवाट

मी कॉम्प्युटरवाली नाही, वनस्पतीशास्त्राची आहे, पण इथे बोलल्याशिवाय राहवत नाही. नाव ही एक चौकट आणि त्यात एक शब्द, असं कृपा करून करू नका. कवंडळ म्हटलं की माटोळीतलं ते लाल गोल फळ आपल्याला कळतं, पण गाव बदललं की उच्चार बदलतो, आणि मालकांगोणीला कोणी कांगलां म्हणेल कोणी कांगणी. यातलं कुठलं बरोबर हा प्रश्नच नाही, सगळी बरोबर, फक्त कुठल्या गावात आणि कोणी सांगितलं हे प्रत्येक नावाला चिकटलेलं पाहिजे. शास्त्रीय नावही एकच ठेवून भागत नाही, कधी नुसता वंश नक्की सांगता येतो, जात नाही. घागऱ्यो क्रोटालारियाच्या वंशातल्या हे फळ हलवून सुद्धा कळतं, आतल्या बिया खुळखुळतात, पण त्या वंशातली कुठली जात हे फूल-पान बघितल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू नये. म्हणून ओळख किती नक्की आहे त्याला वेगळी जागा ठेवा, नक्की, वंशापर्यंत, अंदाज, असं काहीतरी. नाहीतर अंदाजाने लिहिलेलं नाव सायटीवर गेलं की दुसरे तेच उचलतात आणि मग ते खरं होऊन बसतं.

आणि कळलावीसारख्याला विषारी असल्याची खूण पानावर अगदी वर दिसली पाहिजे. पोरं चवथीच्या आधी रानात जातात.

मांडवीपार

रानवाटताई, अगदी हेच. आणि तिसवाडीकरांना माझं उत्तर पण यातच आहे. डेटा जर हिशोबासारखा असेल, सगळ्या ओळींना तेच तेच रकाने, तर मी पण एसक्यूलाईटच म्हणेन. वाचनालयाच्या पुस्तकांची देवघेव उद्या सायटीवर आणायची झाली तर ती एक्सएमएलमध्ये मुळीच ठेवू नका, ती एसक्यूलाईटमध्येच. पण वाक्याच्या पोटात नाव, नावाच्या पोटात गाव, असा मजकूर असेल तर एक्सएमएल त्याच्यासाठीच बनलंय, त्याचा पूर्वज एसजीएमएल हा दस्तऐवजांसाठीच होता. टेबलात हा मजकूर कोंबला की शेवटी एका रकान्यात एचटीएमएलचा गठ्ठा जाऊन बसतो आणि मग रचना गेलीच.

लॉकिंगबद्दल मात्र ते शंभर टक्के बरोबर बोलतायत, म्हणून ते नीट लिहितो, हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा.

सरळ फाईल उघडून तिच्यावर लिहायला लागायचं नाही. उघडली की आधी ती रिकामी होते, मग भरते, आणि मधल्या क्षणाला प्रोसेस मेली किंवा डिस्कचा कोटा संपला तर हातात अर्धी फाईल राहते. त्याऐवजी त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाईल करायची, तिच्यात सगळं लिहायचं, ती परत पार्सरने उघडून बघायची की नीट वाचली जातेय, आणि मग रिनेम करून मूळ नावावर आणायची. लिनक्सवर एकाच फाईलसिस्टीममधलं रिनेम एका झटक्यात होतं, वाचणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाईल मिळते नाहीतर नवी पूर्ण, मधलं काही नाही. तात्पुरती फाईल त्याच फोल्डरमध्ये का, तर टेंप फोल्डर वेगळ्या डिस्कवर असेल तर रिनेमच्या जागी कॉपी होते आणि तो सगळा फायदा जातो.

आता लॉक. पीएचपीचं एफलॉक फंक्शन वापरायचं, पण ज्या फाईलवर रिनेम करणार तिच्यावर नाही! हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रिनेम झालं की त्या नावाखाली वेगळीच फाईल येते, दुसरी प्रोसेस मात्र जुन्या फाईलचं लॉक धरून बसलेली असते, म्हणजे दोघांनाही वाटतं लॉक आपल्याकडे आहे. म्हणून नोंदी फोल्डरमध्ये एक रिकामी लॉक नावाची फाईल कायमची ठेवा, ती कधी पुसायची नाही, कधी बदलायची नाही, लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी तिच्यावर लॉक घ्यायचं. दोन-तीन लिहिणाऱ्यांना आख्ख्या फोल्डरला एक लॉक भरपूर झालं.

तिसवाडीकर

लॉक फाईल वेगळी ठेवण्याचं बरोबर. पण एक गोष्ट राहिली. लॉक फक्त सेव्ह होण्याच्या त्या क्षणापुरतं आहे. समजा ताईंनी सकाळी कळलावीचं पान एडिट करायला उघडलं आणि चहाला गेल्या, मधे दुसऱ्याने तेच पान उघडून दोन नावं घातली आणि सेव्ह केलं, मग ताईंनी येऊन सेव्ह दाबलं. लॉक दोघांनाही नीट मिळालं, फाईल कुठेही फाटली नाही, आणि तरी ती दोन नावं गेली. कोणाला कळलं पण नाही.

यावर उपाय सोपा आहे. वरच्या नमुन्यात आवृत्तीचा आकडा आहेच. फॉर्म उघडताना तो आकडा लपवलेल्या फील्डमध्ये पाठवायचा, सेव्ह करताना लॉक घेतल्यावर फाईलमधला आकडा परत वाचायचा, जुळला तर एकाने वाढवून लिहायचं, जुळला नाही तर लिहायचंच नाही, "मधे कोणीतरी बदल केलाय" म्हणून दोन्ही मजकूर शेजारी दाखवायचे. तपासणं आणि लिहिणं दोन्ही एकाच लॉकच्या आत पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही. आणि जुनी आवृत्ती टाकून न देता एका "जुनं" नावाच्या फोल्डरमध्ये हलवून ठेवा, मजकुराच्या फायली लहान असतात.

हे सगळं केलंत तर माझा विरोध कमी होतो. संपत नाही, पण कमी होतो :)

मांडवीपार

हे मी लिहायला पाहिजे होतंच, बरं झालं तुम्ही लिहिलंत. एकच पुरवणी, आवृत्ती आणि क्रमांक यांचे आकडे फाईलमध्ये इंग्रजी लिपीत ठेवा, वर मी नमुना देवनागरीत दिलाय तो दाखवायला. पीएचपीला १४ हा देवनागरीतला आकडा म्हणून कळत नाही, बेरीज करायला गेलात की चूक येते. तारखांचंही तेच, वर्ष-महिना-दिवस असा क्रम आणि इंग्रजी आकडे, म्हणजे नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी तारखेप्रमाणे लागतात. पानावर दाखवताना देवनागरी करायचे.

जत्रांच्या तारखांना अजून एक करा. शिरगावची लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, ही तिथी कायमची, इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी. तर कार्यक्रमाच्या फाईलमध्ये तिथी एकदाच लिहा आणि त्याच्याखाली प्रत्येक वर्षाची तारीख पंचांग बघून हाताने घाला. तिथीवरून तारीख काढायचा कोड लिहायच्या भानगडीत पडू नका, वृद्धी-क्षय तिथी आणि अधिक महिना आला की त्यात आठवडे जातील.

वाळवंटीकाठ

देव बरें करूं, दोघांचंही. लॉक आणि आवृत्तीचं काल रात्री लिहून बघितलं, दोन ब्राउझर उघडून एकाच पानावर सेव्ह केलं, दुसऱ्याला बरोबर अडवलं.

आता पुढचं. वह्यांतलं जे आधीच कोणीतरी वर्डमध्ये टाईप करून ठेवलंय ते फॉर्ममध्ये पेस्ट करून सेव्ह केलं की काही पानं घेतंय आणि काहींना पार्सर चूक सांगतोय, अवैध अक्षर म्हणून. डोळ्यांना तर काहीच वेगळं दिसत नाही. आणि एका ठिकाणी "फळं & फुलं" असं लिहिलेलं होतं तिथे पण इशारा आला.

मांडवीपार

दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं : वर्डमध्ये शिफ्ट-एंटर दाबून जी ओळ तोडतात ती आतून व्हर्टिकल टॅब नावाच्या कंट्रोल अक्षराने ठेवलेली असते आणि पेस्ट करताना ते कधीकधी तसंच येतं. एक्सएमएल १.० मध्ये साधा टॅब आणि ओळ बदलायची दोन अक्षरं सोडली तर खालची सगळी कंट्रोल अक्षरं बंदच आहेत, कोड करून सुद्धा टाकता येत नाहीत, सीडेटामध्ये (ज्यातले टॅग पार्सर टॅग मानत नाही असा भाग) सुद्धा नाही. म्हणून फॉर्ममधून आलेल्या मजकुरातला व्हर्टिकल टॅब आधी ओळबदलाने बदला आणि बाकीची कंट्रोल अक्षरं काढून टाका, मगच पुढे.

दुसरं : सिंपलएक्सएमएलच्या ॲडचाइल्डला (नवा टॅग जोडायचं फंक्शन) मजकूर दिला तर ते लहान-मोठ्याच्या खुणा बदलून घेतं पण अँपरसँड (तुमची ती "आणि"ची खूण) बदलत नाही, ही त्याची जुनी खोड आहे. लिहायला डॉमडॉक्युमेंट (पीएचपीतलीच एक्सएमएल हाताळायची दुसरी सोय) वापरा, त्यात टेक्स्ट नोड बनवून जोडला की सगळं आपोआप सांभाळलं जातं. वाचायला सिंपलएक्सएमएल, लिहायला डॉम, अशी वाटणी मला बरी वाटते. आणि काहीही झालं तरी टॅग आणि मजकूर टिंबाने जोडून स्ट्रिंग म्हणून एक्सएमएल बनवू नका, सगळे अनर्थ तिथून सुरू होतात.

वर्णनात एचटीएमएल ठेवायचं का हा प्रश्न तुम्हाला पुढे येईलच. माझं मत नको. सीडेटामध्ये एचटीएमएल कोंबलं की पार्सरच्या लेखी तो नुसता मजकूर, त्यातलं वनस्पतीचं नाव शोधता येत नाही. तुमचे स्वतःचे चार-पाच टॅग ठेवा, परि, दुवा, चित्र, सावध, सांगणारा, बस झाले. दाखवताना त्यांचं एचटीएमएल करा आणि त्यावेळी मजकूर पीएचपीच्या एचटीएमएलस्पेशलकॅर्स फंक्शनमधून (मजकुरातल्या खुणा टॅग म्हणून चालू नयेत म्हणून) काढायला विसरू नका.

तिसवाडीकर

सुरक्षेचं माझ्याकडून. पासवर्ड एक्सएमएलमध्ये ठेवलेत तरी चालेल पण पासवर्ड-हॅश फंक्शनने हॅश करूनच (म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही असा बदलून), एमडीफाईव्ह नको. सेव्हच्या फॉर्मला टोकन (फॉर्म तुमच्याच सायटीवरून आलाय हे ओळखायची गुप्त खूण) ठेवा.

एक्सएमएलचा खास धोका म्हणजे बाहेरून आलेली फाईल. डॉकटाईपमध्ये (फाईलच्या वर येणारी नियमांची ओळ) एंटिटी (दुसरा मजकूर आणून घालणारं छोटं नाव) घालून सर्व्हरवरची भलतीच फाईल वाचून घेता येते, किंवा एंटिटीत एंटिटी गुंफून मेमरी संपवता येते. लिबएक्सएमएल (पीएचपी एक्सएमएल वाचायला आतून जी लायब्ररी वापरतं ती) २.९ पासून बाहेरच्या एंटिटी आपोआप घेत नाही, पण नो-एंट नावाचा पर्याय चालू केलात की परत घ्यायला लागतं, आणि गंमत बघा, नावावरून वाटतं की तो एंटिटी बंद करतोय, करतो उलटं. तो कुठेही वापरू नका. आयात करायची सोय ठेवणार असाल तर डॉकटाईप असलेली फाईल सरळ नाकारा, तुमच्या फायलींना त्याची गरजच नाही.

आणि एक्सपाथमध्ये (एक्सएमएलमध्ये शोधायची भाषा) वापरणाऱ्याने टाईप केलेला शब्द जोडून शोध घेऊ नका. एक्सपाथ १.० मध्ये अवतरणचिन्ह एस्केप करायची सोयच नाही. यादी फिरवून पीएचपीत तुलना करा, तुमच्या आकाराच्या सायटीला ते पुरतं.

पेडण्याचो_मास्तर

मी टायपिंगच्या बाजूचा माणूस, शाळेतून निवृत्त झाल्यावर दोन-तीन संस्थांचं टायपिंग केलंय. शोधाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, हे मराठीवाल्यांना सोडून दुसऱ्या कोणाला येत नाही म्हणून इंग्रजी मदतीत मिळत पण नाही.

"किनाऱ्यावर" हा शब्द टाईप करून शोधा आणि मग दुसऱ्या कीबोर्डने टाईप करून परत शोधा. एका वेळी सापडेल, एका वेळी नाही. कारण तो आडवा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त, मग य असं टाकतात, काही साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, आतून वेगळे. आपल्याकडे हा र जागोजागी, घागऱ्यो घ्या, किनाऱ्यावर घ्या, दुसऱ्या, साऱ्या. जुना मजकूर श्रीलिपीतून (युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट) युनिकोडमध्ये बदलून घेतलेला असेल तर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने कुठला र दिलाय तेही बघा.

त्यात अजून, ऱ हे अक्षर एक तर एका कोडचं असतं नाहीतर र आणि खाली नुक्ता अशा दोन कोडचं.

मांडवीपार

मास्तर, हे सोन्यासारखं सांगितलंत. कोडच्या भाषेत : पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर एनएफसीने (सारख्या अक्षरांचं एकच रूप करायची युनिकोडची पद्धत) चालवला की र आणि नुक्ता यांचा एक ऱ होतो, तेवढं झालं. पण तो न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे, एनएफसी काढत नाही. म्हणून र, हलन्त, जोडक ही तीन अक्षरं दिसली की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला. हे सेव्ह करताना पण करा आणि शोधाच्या चौकटीत आलेल्या शब्दालाही करा, दोन्हीकडे एकच फंक्शन. टॅगच्या नावात मात्र हा आडवा र येऊच देऊ नका, एक्सएमएलच्या जुन्या आवृत्तीच्या नियमात नावात तो जोडक चालत नव्हता, कुठला पार्सर काय करेल भरवसा नाही.

आता चवथीच्या गर्दीचं. वाचणाऱ्याच्या प्रत्येक भेटीला एक्सएमएल उघडायची गरज नाही. सेव्ह झालं की त्याच वेळी त्या पानाची तयार एचटीएमएल फाईल बनवून वेबच्या फोल्डरमध्ये ठेवून द्या, आणि याद्यांची पानं पण तेव्हाच. वाचणाऱ्यांना नुसत्या फायली मिळतात, पीएचपी फक्त लिहिणाऱ्या दोन-तीन जणांसाठी चालतं. सगळ्यात साधं होस्टिंगसुद्धा यात दमत नाही. शोधासाठी एक सूचीची फाईल करा, नावं, गावं आणि क्रमांक एवढंच त्यात. ती सूची आणि एचटीएमएल कधीही पुसून एका बटणावर परत बनवता आली पाहिजेत, खरा माल तो फक्त नोंदी फोल्डरमध्ये.

एचटीएमएल बनवायला एक्सएसएलटी (एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करायची भाषा) वापरू शकता, १९९९ चं १.० पीएचपीत आहे, सर्व्हरवर चालतं. ब्राउझरमध्ये एक्सएमएल पाठवून तिथे एक्सएसएलटी चालवायची जुनी पद्धत मात्र धरू नका, क्रोमने ती काढून टाकायचं जाहीर केलंय.

रानवाट

एक विचारते, नावाला भाषा लिहिताय तर कोंकणी आणि मराठी वेगळं कसं दाखवणार? गावात विचारलं तर माणूस म्हणतो आमी असं म्हणटात, बस. ते कोंकणी की मराठी हे त्याच्या तोंडून येत नाही.

वाळवंटीकाठ

ताई, यावर आम्ही वाचनालयात बसून बोललो. ठरलं असं की माणसाने सांगितलेल्या नावाला भाषा लिहायची नाही, गाव आणि सांगणारा लिहायचा, नाव कानाला आलं तसं. भाषा फक्त पुस्तकातून घेतलेल्या नावाला. कारण वहीत ज्यांनी लिहिलंय त्यांनी पण भाषा लिहिलेली नाही आणि ती आपण मागून चिकटवली तर ते आपलं झालं, त्यांचं नाही. सांगणाऱ्यांची नावं त्यांना विचारूनच टाकणार, नको म्हणाले तर नुसता वाडा.

ओळख किती नक्की याचा तुमचा मुद्दा घेतला, शास्त्रीय टॅगला खात्री नावाचं ॲट्रिब्यूट ठेवलंय, आणि ते अंदाज असेल तर पानावर शास्त्रीय नाव दिसतच नाही, फक्त लिहिणाऱ्यांना दिसतं. एकदा तुम्ही यादी बघून दिलीत तर फार बरं होईल.

रानवाट

देते की. फोटो पाठवा, पण पान, फूल, फळ वेगवेगळे, आणि पानाची मागची बाजू पण.

मांडवीपार

आख्ख्या पानाला भाषेचा कोड मात्र लागेल, स्क्रीनरीडरला आणि गूगलला. मराठीला दोन अक्षरी एम-आर आहे. कोंकणीला दोन अक्षरी कोडच नाही, तीन अक्षरी के-ओ-के आहे, आणि गोव्याच्या कोंकणीला वेगळा जी-ओ-एम. पान मराठी असेल तर वर एम-आर लावा आणि गावच्या नावांना भाषा लिहायची नाही हे तुमचं ठरलंय ते तसंच राहू द्या.

वाळवंटीकाठ

शेवटचं एक. फायलींची नावं पण मराठीत ठेवू का, कळलावी डॉट एक्सएमएल अशी? उघडून न बघता कळेल.

तिसवाडीकर

नको. फाईलच्या नावाला लिनक्सवर २५५ बाइटची मर्यादा असते, देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात, म्हणजे जेमतेम ८५. तेही चालून जाईल, पण एफटीपीने खाली उतरवताना किंवा विंडोजवर झिप उघडताना नावांचे चौकोन झालेले मी बघितलेत, आणि बॅकअप उघडायची वेळ येते तेव्हाच ते कळतं. त्यात तुमच्या एका वेलीला पाच नावं, त्यातलं कुठलं फाईलला देणार? क्रमांकच ठेवा, इंग्रजी आकड्यांत, पुढे शून्य लावून. नावं आत आहेत तिथेच राहू देत.

बॅकअप म्हणजे आख्ख्या नोंदी फोल्डरची झिप, दर आठवड्याला, एक प्रत होस्टिंगवर नाही तर वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राईव्हवर. चवथीच्या आधी एकदा ती झिप दुसऱ्या रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा, सगळं परत बनवायचं बटण दाबा आणि सायट तशीच उभी राहते का बघा. तेवढं झालं की इथे लिंक टाका, मी तोडायचा प्रयत्न करून बघतो.

वाळवंटीकाठ

टाकते. आयतारी वाचनालय उघडं असतं, तेव्हाच झिप उघडून बघते आणि मग लिंक देते.